हवेची गुडगुडी

पुणे,
१२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप आबांचे चरणी जयसिंगाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा प्राणवायू आज दुपारी पुण्याहून निघाला. भैरू भाताची पोती इथं उतरवून पौडला ट्रक रिकामाच नेतो, म्हणून तो तयार झाला. सिलिंडर माणसाच्या खांद्याइतका उंच आहे, अंगानं काळा आणि गळ्याशी पांढरा. त्याला पाहून बैल बुजले तर चालेल, तुम्ही बुजू नका. सोबत घड्याळासारखा काटा असलेली पितळी चावी, पाण्याची काचेची बाटली आणि रबरी नळी आहे. हवा पाण्यातून बुडबुडत येते आणि मग नळीनं नाकात जाते. जोडायचं कसं ते भैरूला दोनदा शिकवलं आहे. तिसऱ्यांदा शिकवू लागलो तेव्हा तो म्हणाला की मग ट्रक तुम्हीच चालवा.

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय ते असं. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास घ्यायचा, काटा दोनाच्या पुढे न्यायचा नाही. तसं केलंत तर सिलिंडर महिना पुरतो. जवळपास विडी, चूल, निरांजन काहीही नको. चावीला तेलाचा थेंबही लावायचा नाही, भडका उडतो. काही कुरकुरलं की तुमचा हात आपोआप तेलाच्या बुधलीकडे जातो, म्हणून मुद्दाम लिहितो. कुरकुरली तर कुरकुरू द्या.

डॉक्टरांसमोर तुम्ही कबूल केलेलं विसरला नसालच. घरी नेमानं प्राणवायू घेणं जमलं तर वाडीतच राहायचं. नाही जमलं तर पावसाळ्याआधी आईला घेऊन कायमचं आमच्याकडे यायचं. आमची खोली एकच आहे हे खरं, पण मी कामाला आहे ती दवाखान्याची कोठी, जिथं हे सिलिंडर ठेवतात, हाकेच्या अंतरावर आहे. गेल्या श्रावणात तुमचे ओठ निळे पडले आणि मला ते चौथ्या दिवशी कळलं. ते मला पुन्हा नको आहे.

आईस नमस्कार. तुमची सून तुळजा पाया पडते. लोभ रोज दोन तासांचा नको, चोवीस तासांचा असावा.

आपला,
जयसिंग


वाडी, पोस्ट पौड,
१९ फेब्रुवारी १९६३

चि. जयसिंगास हैबतरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल, तुम्हा दोघांची खुशाली येऊ द्यावी.

तुझा काळा पाहुणा पोचला. पौडपासून आपल्या गाडीनं आणला, पण वाडीच्या तोंडाशी नेहमीचंच झालं. सरळ गाडीवाट गेणबाच्या वरकस, हलक्या जमिनीच्या माळावरून आहे आणि तुझा हा चुलत चुलता वाटेत आडवा उभा. बावीस वर्षांपूर्वी त्यानं ती वाट अडवली, मी दावा लावला, तो पौडच्या कोर्टात अजून चालूच आहे. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे त्यानं माझ्या बैलाला सांगितलं की कोर्टाचा निकाल लागस्तवर हितनं कुनाची गाडी जायाची न्हाई. मीही बैलालाच सांगितलं की चल बाबा, काही माणसांच्या छातीत काळीजच नसतं. बैल दोघांचं ऐकून घेऊन शेण टाकून मोकळा झाला.

मग चार गड्यांनी सिलिंडर बांबूला बांधून, वर घोंगडी टाकून ओढ्यातून आणला. लांबून पाहणाऱ्यांना वाटलं की हैबतराव आटोपला. शेजारची धोंडाबाई गळा काढतच दारात आली, मला ओट्यावर बसलेला पाहिलं आणि रागावून परत गेली. ओढ्याला आता घोटाभर पाणी आहे म्हणून हे जमलं. पावसात तो छातीइतका चढतो, तेव्हा तिथून माणूससुद्धा येत नाही.

पण हवा गुणाची आहे बाळा. पहिल्या दिवशी तासभर नळी लावली, उठलो आणि गोठ्यापर्यंत चालत गेलो. मधे कुठं बसलो नाही. दोन वर्षांत हे झालं नव्हतं. तुझी आई पडेल-बिडेल म्हणून मागोमाग आली होती. मी वळून पाहिलं तर पदर तोंडाशी धरून आत निघून गेली.

तुझ्या खोलीचं म्हणशील, तर मी तिथं एकदा आठ दिवस काढले आहेत. खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी. तिथली माणसं बोलतात हळू आणि ऐकतात सगळं. मला तिथं प्राणवायूशिवायच गुदमरायला झालं होतं. तेव्हा इथलंच जमवणार. बाटलीतले बुडबुडे बघायला वाडीतली माणसं येताहेत, आलेल्याचं आगतस्वागत करावं लागतं, एवढाच काय तो त्रास. आमच्यावर माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
आबा


पुणे,
४ मार्च १९६३

तीर्थरूप आबांस जयसिंगाचा सा. न. वि. वि.

भैरूनं रिकामा सिलिंडर आणून टाकला. मला आधी वाटलं की तो चुकून भरलेलाच परत घेऊन आला. महिन्याचा सिलिंडर नऊ दिवसांत संपला. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर आकडेमोड केली, चष्मा काढला आणि मला विचारलं की तुमचे वडील हत्ती आहेत का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग घरी हत्ती पाळलाय का. मी त्यालाही नाही म्हणालो.

कुठं गळत असेल तर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला की तिथं गळती आहे. गळत नसेल तर रात्री चावी उघडी राहत असेल. त्या दोन्हींतलं काही नसेल तर काय ते तुम्हीच कळवा, माझी अक्कल इथं संपली. दुसरा सिलिंडर पाठवतो आहे. हाही असाच गेला तर डॉक्टर तिसरा देणार नाहीत, आणि मग मी ट्रक घेऊन येणार तो सिलिंडरसाठी नव्हे, तुमच्यासाठी. हे रागानं लिहीत नाही, भीतीनं लिहितो आहे.

उत्तर लवकर धाडावं, आणि माझ्या बोलण्याचा राग बाटलीतल्या पाण्यात सोडून द्यावा.

आपला,
जयसिंग


वाडी,
२१ मार्च १९६३

चिरंजीव जयसिंगराव यांस मातोश्री चंद्राबाई यांचे आशीर्वाद. पत्रलेखक वाल्मीक गुरुजी, प्राथमिक शाळा, यांचा सप्रेम नमस्कार. मातोश्रींची आज्ञा आहे की त्या बोलतील ते एक अक्षर न बदलता लिहावे. सबब भाषेची जबाबदारी माझ्याकडे नाही.

जयसिंगा, तुजा बा तुला खरं सांगायचा न्हाई, म्हनून मी सांगते. त्या शिलिंडराला भोक न्हाई. साबनाचा फेस लावून बगितला, येक बुडबुडा आला न्हाई. भोक तुज्या बाच्या सोभावाला हाय.

डाक्टरनं बंद करस्तवर तुजा बा गुडगुडी वडायचा, ते तुला ठाव हाय. आन गुडगुडी येकट्यानं वडायची आपल्यात रीत न्हाई. नळी आदी पावन्याच्या हातात, मग घरधन्याच्या. आता ह्या बाटलीत बी पानी, बुडबुडं बी तसंच, नळी बी तशीच. पयल्याच दिशी कासारसाईचं व्याही आलं. तुज्या बानं सवयीनं नळी म्होरं केली, व्याह्यांनी घेतली. तितनं जे सुरू झालं ते आजपातूर थांबलं न्हाई. नेऱ्याची मावशी आली व्हती. तिला दमा न्हाई का खोकला न्हाई, तरी घटकाभर वडून गेली आन म्हनली लई गार वाटतंय. म्हसू धनगर मेंढरं घिऊन चालला व्हता, त्यो बी टेकला. त्याला वाटलं, यजमान इस्तव ठिवायचं इसरलं. म्हनून बिचारा चुलीतला निखारा चिमट्यात धरून घिऊन आला. मी लाटनं घिऊन आडवी झाले, म्हनून आज ह्यो कागूद लिवून घेतीया.

मी म्हनलं, आवं ही औषदाची हवा हाय, वाटायची न्हाई. तर म्हनत्यात, दारात आलेल्याला टाकून येकट्यानं नाकाला लावू व्हय, लोकं काय म्हनतील. गुरुजींनी बी दोनदा घेतलीया. आत्ता लिवताना त्यास्नी ठसका लागलाय, त्यो खोटा हाय. (सदर मजकूर आज्ञेवरून लिहिला आहे. ठसका खरा होता. वाल्मीक.)

आन आनखी येक मानूस येतुया. दुपारी जेवून समदी वाडी कलंडली की मागल्या दारानं येतुया. त्याचं नाव घ्यायचं न्हाई म्हनून तुज्या बानं मला शपत घातलीया. त्यो मातर खऱ्या गरजंचा हाय. बाकीच्यास्नी बंद कर, त्याला करू नगंस.

सुनंला सांग, आंगावर दुखनं काडू नगं. माजी माया शिलिंडरातली न्हाई, ती संपत न्हाई.

चंद्राबाई, निशाणी अंगठा


पुणे,
२७ मार्च १९६३

तीर्थरूप आबांस जयसिंगाचा नमस्कार. वि. वि. फार आहे.

आईचं पत्र मी तीनदा वाचलं. तुळजानं एकदा वाचलं आणि पदरात तोंड घालून हसत बसली, त्यामुळे घरात मला कुणाचाही आधार नाही. डॉक्टरांना काय सांगू? त्यांना हत्ती हवा होता, मी त्यांना कासारसाईचे व्याही देऊ का? आबा, त्या माणसाची छाती पखवाजासारखी आहे. तो चार कोस चालत येतो आणि माझ्या बापाची हवा ओढून चार कोस चालत जातो.

पाहुण्याला चहा द्या, पान द्या, जेवूनच जा म्हणा. नळी देऊ नका. आणि म्हसूला सिलिंडरपासून दहा हात लांब बसवा. तो निखाऱ्याचा भाग वाचून माझ्या हातातला कप खाली पडला.

मागच्या दारानं येणारा कोण, ते मला कळलं पाहिजे. आई म्हणते तो गरजू आहे. असेलही. पण मी डॉक्टरांच्या हातापाया पडून सिलिंडर आणतो तो एका माणसाच्या नावावर.

मी सगळा विचार केला. हा सिलिंडरही आता तळाला गेला असेल. डॉक्टरांना पुन्हा विनवून उन्हाळ्यापुरती सोय करतो. पण जूनमध्ये ओढा चढला की भरलेला सिलिंडर घरी पोचणार कसा? म्हणून तीस मेला मी ट्रक घेऊन येतो आणि तुम्हा दोघांना घेऊन जातो. तुम्ही चिडाल, अबोला धराल. धरा, पण तो पुण्यात धरा, म्हणजे मला ऐकू येईल.

लोभ कमी होईल हे माहीत आहे, तरीही तो असावा.

आपला,
जयसिंग


वाडी,
६ एप्रिल १९६३

चि. जयसिंगास आशीर्वाद.

तू नाव विचारलंस. आईला घातलेली शपथ सोडवली आहे आणि माझ्याच हातानं लिहितो. तो गेणबा.

पहिला सिलिंडर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी तो मागच्या दारी आला. ओढ्याकडे वळताना गड्यांनी त्याच्या बांधावरची तूर मोडली होती, त्याबद्दल शिव्या द्यायला आला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो बैलाकडे न बघता माझ्याकडे तोंड करून बोलत होता. शिवी चांगली निघाली होती, माझ्या आज्यापर्यंत पोचली होती, आणि तिथं त्याचा श्वास अडकला. भिंत धरून खाली बसला. ओठ निळे झाले. स्वतःचे निळे ओठ मी कधी पाहिले नाहीत, पण त्याच्याकडे बघताना तुझ्या आईचा चेहरा जसा झाला, तो चेहरा मी ओळखतो. मी नळी त्याच्या नाकाशी धरली. पाऊण तासानं तो उठला आणि राहिलेली शिवी न देता गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आला. मला वाटलं, उरलेली द्यायला आला. तो नुसता खाली बसला. तेव्हापासून रोज येतो. आम्ही अजूनही बोलत नाही. काही सांगायचं झालं तर तो तुझ्या आईला सांगतो की वैनी, त्यास्नी म्हनावं काटा लई खाली आलाय. मी तुझ्या आईला सांगतो की त्याला म्हणावं मला दिसतंय. आई म्हणते की दोघांच्या मधे बसून माझाच घसा सुकतोय, मलाच हवा लावा.

त्याची बायको वारली, मुली दूर दिल्या. दवाखान्यात मुलगा नोकरीला असणं हे माझं कर्तृत्व नाही आणि नसणं हा त्याचा गुन्हा नाही. बाकी सगळ्यांना मी आता चहा देतो. व्याही रागावले आहेत, मावशीनं दोन निरोप पाठवून टोमणे मारले. ते सोसेन. पण गेणबाची नळी काढणार नाही, आणि मी पुण्याला आलो तर ती निघाली म्हणून समज. मी येणार नाही. मला जगायचंही आहे आणि इथंच जगायचं आहे, उगाच म्हाताऱ्याचा हट्ट समजू नकोस. ओढ्याचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही, तुलाही सुचत नाही, एवढ्याबाबत आपलं एकमत आहे.

रागावलास तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
आबा


वाडी,
२० मे १९६३

राजमान्य राजेश्री जयसिंग हैबतराव यांस, गेणबा बिन राघू याजकडून रामराम. कारणे पत्र लिहितो ऐसे की,

तुम्ही ३० मे रोजी ट्रक आणून हैबतरावास पुण्यास नेणार असे खात्रीलायक समजले. खात्री म्हणजे तुमची आई. त्यास माझी हरकत आहे. वहिवाटीच्या दाव्यात हैबतराव हे वादी आहेत आणि मी प्रतिवादी आहे. वादीच गाव सोडून गेल्यास प्रतिवादीने कोणाशी भांडावे याचा खुलासा कायद्यात नाही. मी वकिलास विचारले, त्यालाही सांगता आले नाही.

सबब मी स्वखुशीने लिहून देतो की सिलिंडरची गाडी माझ्या वरकस माळावरून पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर नेण्यास माझी मनाई नाही. ही मोकळीक सिलिंडरला आहे, हैबतरावास नाही. यावरून वाटेचा हक्क शाबीत झाला असे त्यांनी कोर्टात म्हणू नये. गाडी माझ्या माळावर मीच हाकीन. दुसऱ्याचा माणूस तिथे मला खपत नाही.

इथवर दाव्याचे झाले. पुढचे दाव्याबाहेरचे आहे. जयसिंगा, तू पाच वर्षांचा होतास तेव्हा माझ्या खांद्यावर बसून पौडच्या बाजारात यायचास. वाटेचा तंटा त्याच्यानंतरचा आहे. तुझ्या बापाने मला दारातून हाकलले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्याने बसवून घेतले. हे मी त्याच्याशी बोललो नाही आणि बोलणार नाही, म्हणून तुला लिहितो. त्याला नेऊ नकोस. मला त्याची हवा पाहिजे हे खरे आहे, पण तेवढेच खरे नाही.

हे पत्र त्याला दाखवू नये. बहुत काय लिहिणे. तू सुज्ञ आहेस, बापावर गेला नसशील.

गेणबा बिन राघू, सही दस्तुर खुद्द


पुणे,
२८ मे १९६३

तीर्थरूप गेणबाकाकांस जयसिंगाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आबांना दाखवलं नाही, मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी आबांच्या कागदावर तुमचं नाव खाली लिहिलं आणि म्हणाले की हत्ती एकदाचा सापडला. यापुढे दोघांसाठी मिळून दर पंधरा दिवसांनी सिलिंडर येईल. तुम्हाला एकदा तपासायचं आहे, त्यासाठी दिवाळीनंतर यायचं. आबांबरोबर आलात तरी चालेल, ट्रकमध्ये तुम्हा दोघांच्या मधे मी बसेन.

तीस मेला मी येतो आहे तो सिलिंडर घेऊन. जाताना एकटाच परत जाईन. आबांना मात्र यातलं काही सांगू नका. थोडे दिवस त्यांना माझी भीती वाटू दे, तेवढीच माझी हौस.

खांद्यावर बसल्याचं मला आठवतं आहे. लोभ तेव्हापासूनचा धरावा.

आपला,
जयसिंग


वाडी,
१३ जुलै १९६३

चि. जयसिंगास हैबतरावाचे अनेक आशीर्वाद.

मी चांगला आहे हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

या खेपेला पाऊस पाच दिवस हटला नाही. पौडच्या पलीकडे पुण्याच्या रस्त्यावर पाणी आलं, भैरूचा ट्रक तिकडेच अडकला आणि इथं आपला सिलिंडर संपला. दोन दिवस मी उशीला टेकून बसून काढले, झोपता येत नव्हतं. तुझी आई पाठ चोळत होती आणि वाकून वाकून वाटेकडे बघत होती. गेणबाही आला नाही. मला वाटलं, त्याचंही तेच झालं असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन आला. ओढ्याला छातीच्या वर पाणी, पण त्याला ओढ्याशी काय करायचं होतं, माळ त्याचाच. माझे बैल गोठ्यातून सोडून नेले होते, मला न विचारता. पौडला जाऊन, पाणी उतरल्यावर तिथं पोचलेल्या भैरूला शोधून, डोक्यावर इरलं घेऊन भर पावसात सिलिंडर आणला. दोन गड्यांनी तो आत घेतला, तुझ्या आईनं चावी जोडली आणि बाटली बुडबुडू लागली. तेव्हा मी पाहिलं, गेणबाचे ओठ माझ्याइतकेच निळे. आणि तू दोन माणसांपुरती हवा पाठवतोस, पण नळी एकच दिली आहेस.

मी नळी त्याच्याकडे सरकवली. तो पावसातून आला होता, माझ्या दारात आला होता, त्याच्याआधी मी घेणार नव्हतो. त्यानं ती परत माझ्याकडे ढकलली. मी पुन्हा त्याच्याकडे. बोलायला श्वास दोघांकडेही नव्हता, त्यामुळे सगळं हातवाऱ्यांनीच चाललं. तुझी आई मधे उभी राहून म्हणाली की मेल्यांनो, बावीस वर्सं भांडला, आज येक घटका तरी थांबा, न्हाईतर दोघांची नळी मीच लावून बसते. तेव्हा गेणबा बोलला. बैलाशी नाही, तुझ्या आईशी नाही, माझ्याशी. म्हणाला की हैबत, मी पावना न्हाई. आणि एका हातानं माझी मान धरली आणि दुसऱ्या हातानं नळी माझ्या नाकाला लावली. अंगात अजून ताकद आहे त्याच्या.

आता आम्ही दोघेही बरे आहोत. तो ओट्यावर बसून तुझ्या आईकडे चहा मागतो आहे आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो आहे. दाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आम्ही दोघेही जाणार आहोत, वकिलांना नाराज करून चालत नाही. तेवढी दुसरी नळी लगेच पाठव. गेणबाशी झालेल्या भांडणात मी आजवर कधी हरलो नव्हतो. परवा हरलो, पहिला श्वास मला घ्यावा लागला.

सूनबाईस आशीर्वाद. पाऊस उघडला की चार दिवस इकडे या. माया वाढती ठेवावी.

तुझा,
आबा